दोन नावांची एकच बाई

मुलुंडला नोटरीच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक सासरे आणि त्यांची प्राध्यापक सून.

"संघमित्रा, चारला मुलाखत ना तुझी? मग इथे कशाला आलो?"

"आप्पा, संगणक मला दोन बायका समजतो. लग्नाआधीच्या लेखांवर कांबळे, नंतरच्या लेखांवर तायडे."

"मग काय झालं?"

"आपल्या लेखांचा हवाला किती जणांनी दिला, ते मोजतात. सायटेशन. कांबळेबाईंचा एकशेतीस जणांनी दिलाय, तायडेबाईंचा चाळीस. आणि बढती मागतेय तायडे."

"कांबळेबाई भारीच दिसते."

"हसू नका हो. कांजूरच्या कचरा वेचणाऱ्यांच्या फुप्फुसांवरचा लेख तिचा. डॉक्टर वापरतात, केमिस्ट्रीवाले वापरतात, वकीलसुद्धा."

"नाव बदल म्हणून मीच मागे लागलो होतो ना गं?"

"तुम्ही रेशनकार्डापुरतं म्हणालात. लेखांवर मीच घातलं."

"मी येतो मुलाखतीला. सांगतो, दोघी आमच्याच."

"तिथे सासरे चालत नाहीत, आप्पा. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र लागतं."

"मग साक्षीदार म्हणून माझी सही घे."

"घेते. त्यासाठीच आणलंय तुम्हाला."

आप्पा माझ्याकडे वळले.

"तुमचं काय काम?"

"हेच. बायकोचं. माहेरची रुक्मिणी, लग्नात मी लता ठेवलं. घराच्या कागदावर लता आहे, मृत्यूच्या दाखल्यावर रुक्मिणी."

"साक्षीदार आणलाय?"

"नाही."

"संघमित्रा, पेन दे गं."