रूळ गेले, कढीपत्ता राहिला

माझा जलम दौंडचा, रेल्वेच्या चाळीतला, वडील गँगमन, नवराबी गँगमन, म्हंजे ऊन-पावसात रूळ बघत चालायची नोकरी, आन् आम्ही बाया चाळीमागं रुळाच्या कडंला काय ना काय लावायचो, कढीपत्ता, शेवगा, अळू, सायब वरडायचा पर ऐकतंय कोण. मालक गेले तसा ल्योक म्हणला आई, सिंगापूरला चल, म्हणून हितं आले, बुकित तिमाहला.

काय सांगू तुम्हाला, घर झ्याक, सून गुणाची, पर नात आर्या माझ्याशी बोलंना. मी इचारावं जेवलीस का गं, ती म्हणणार येस आज्जी, संपलं. मराठी कळायचं सगळं, पर बोलायला लाजायची. लई लागायचं मनाला. ल्योकाला म्हणलंबी, मला परत धाड बाबा, हितं मी मुकी झाले.

आता हितं एक जुनी रेल्वे लाईन हाय, मलेशियाला जायची, ती बंद पडली, रूळ काढले आन् सरकारनं लांबच्या लांब बाग केली, लोक चालत्यात, सायकली हाकत्यात. मला भारी नवल, रोज बघत जायची, हितं फाटक असंल, हितं चाळ असंल. एका रविवारी आर्याला संगं नेलं तर झाडीत कढीपत्ता दिसला, जुना, चांगला उंच. आता हा हितं कुणी लावला असंल? सवयीनं फांदीला हात घातला तशी पोरगी वरडली, आज्जी, कॅनॉट लाह, फाईन! म्हंजे तोडायचं न्हाई, दंड बसतो.

तवर बाकावरचा एक तमिळ म्हातारा हसत उठला, आर्याशी इंग्रजीत बोलाया लागला, मधीच झाडाकडं बोट, मधीच सोताच्या छातीवर हात. मला धीर निघंना, अगं काय म्हणतोय, सांग की. आर्या घुटमळली, मग हळूहळू म्हणाली, आज्जी, हे झाड त्याच्या आईने लावला. त्याचे बाबा ट्रेनच्या लाईनवर काम करायचे. त्यांचा घर इथे होता.

माझं डोळं भरून आलं. म्हणलं इचार त्याला, सायब वरडायचा का रं आईला? तिनं इचारलं, म्हातारा असा खो खो हसला, आन् आर्या म्हणती, रोज ओरडायचा!

तवापासनं तिचा पिच्छा, आज्जी, तू काय लावलं, आज्जी, मग काय झालं. मोडकंतोडकं बोलती, मी टोकत न्हाई. काल झोपताना माझा हात धरून म्हणली, आज्जी, तू परत जाणार नाहीस ना? म्या म्हणलं, न्हाई गं माझे बाय, तू बोल फकस्त.