कनवटीचा कागद

(वसईजवळच्या गावातलं एक अंगण, सन दोन हजार चारचा हिवाळा. मांडवावर राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी उन्हात घातलेली. बासष्ट वर्षांची बर्था पायरीला टेकून बसलेली. समोर तिची सून सेलिन, हातात पेला.)

बर्था : साखर ढवळलीस ना त्यात? बघितलं मी. ने तो पेला. मारायला निघालीस का गो मला?

सेलिन : आई, आत्ता तुम्ही केळ्यांच्या सुपावर कोसळलात. घामानं लुगडं भिजलंय. आधी प्या, मग खुशाल म्हणा मारलं.

बर्था : साखर नको. नुसतं पाणी दे.

सेलिन : हात बघा कसे लटलटतायत. सकाळपासून पोटात काय गेलं?

बर्था : काही नाही.

सेलिन : रात्री तर माझ्यासमोर भाकरी घेतली होती ताटात.

बर्था : कोंबड्यांना घातली.

सेलिन : म्हणून त्या इतक्या माजल्यात! किती दिवस चाललंय हे?

बर्था : डोळ्यांपुढे अंधारी येते गो. सेबॅस्टियनला फोन कर. नको, नको करू. लेकराचा जीव उडेल कामावर.

सेलिन : काय लपवताय, आई?

बर्था : कनवटीला कागद आहे. काढ.

सेलिन : हा तर चर्चच्या हॉलमधल्या शिबिराचा. उपाशीपोटी साखर, एकशे चौदा. बारा दिवस हा कागद कनवटीला घेऊन फिरताय?

बर्था : ती पोरगी म्हणाली, थोडी जास्त आहे. माझ्या पास्कललाही थोडीच म्हणाले होते. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. शवपेटीत ठेवताना भावाला मी एकच मोजा घातला, सेलिन. दुसरा अजून माझ्या ट्रंकेत आहे. आणि आता माझ्या डाव्या पायाला मुंग्या येतात.

सेलिन : तासन्‌तास मांडी घालून केळी सोलता, मुंग्या येणारच. पण नुसत्या उपाशी पोटानं माणूस असं गार पडत नाही. अजून काय केलंत? खरं सांगा.

बर्था : पास्कलच्या गोळ्या उरल्या होत्या.

सेलिन : अरे देवा! किती घेतल्या?

बर्था : काल एक. आज एक. साखर उतरवतात ना त्या?

सेलिन : उतरवतात. अंगात उतरवण्याजोगी नसली तरी उतरवतात. आई, आता शुद्ध गेली तर मला तुमच्या तोंडात काही घालताही येणार नाही. हात जोडते. प्या.

बर्था : तू धर पेला. माझ्या हातानं नाही पिणार मी हे.

सेलिन : धरला. अजून एक घोट. अजून. सगळा संपवा.

बर्था : किती गोड केलंस गो.

सेलिन : आता ही भाकरी, आणि माझ्यासमोर चावायची. शेजारच्या लूर्डसबाय रिक्षा आणायला गेल्यात. त्या गोळीचा जोर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरेल. डॉक्टरांनी बघायलाच हवं.

बर्था : कापायचं म्हणतील?

सेलिन : एकशे चौदाला कुणी काही कापत नाही. उपाशीपोटी एकशे सव्वीस किंवा वर, तीही दोनदा आली, तर मधुमेह म्हणतात. माझ्या पप्पांची साखर आठ वर्षं अशीच उंबऱ्यावर आहे. भात निम्मा केला, रोज संध्याकाळी किनाऱ्यापर्यंत चालत जातात, दर सहा महिन्यांनी तपासतात. दोन्ही पायांनी नाचले की माझ्या लग्नात! पास्कलमामांनी पुढे किती वेळा तपासली?

बर्था : अंगठा काळा पडेपर्यंत एकदाही नाही. पहिला कागद प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवला होता. गेल्यावर सापडला मला.

सेलिन : आणि तुमचा कनवटीला.

बर्था : भीती वाटते गो. त्यालाही वाटली असेल.

सेलिन : तुम्ही त्या दिवशी शिबिराला अगदी उपाशी गेला होतात ना?

बर्था : चहासुद्धा घेतला नव्हता. सुकेळी चाखली तेवढी. पहाटे चाखल्याशिवाय कळणार कसं, कुठली उलटायची ते?

सेलिन : किती चाखली?

बर्था : चाखणं म्हणजे काय खाणं असतं? एका ओळीतली एक. तीन झाली असतील.

सेलिन : तीन केळी!

बर्था : वाळल्यावर किती उरतं त्यात!

सेलिन : साखर सगळी उरते, आई. मग हा आकडाच पक्का नाही. दोनचार दिवसांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करू. रात्री नीट जेवून, आणि सकाळी खरोखर उपाशी.

बर्था : आणि तेव्हाही जास्त आली तर?

सेलिन : तर तो कागद फ्रिजवर लावू. येता-जाता सगळ्यांना दिसेल असा.

बर्था : सेबॅस्टियनलाही?

सेलिन : त्यालाही. चला, रिक्षा आली. माझा खांदा धरा. भाकरी हातात घ्या, कोंबड्यांकडे बघू नका.

बर्था : पहाटे सुकेळी कोण चाखणार मग?

सेलिन : मी चाखेन.

बर्था : तुला काय कळतं त्यातलं?

सेलिन : काहीच नाही.

बर्था : मग मी शेजारी बसते. तू चाख. मी तुझ्या तोंडाकडे बघून सांगेन.