भेटीचा हेतू

नाही नाही बाबा, तो रकाना कोरा सोडून चालत नाही — नाव लिहिलंत, गाव लिहिलंत, वेळ लिहिलीत, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलंय, मग 'भेटीचा हेतू' का सोडलात? हेतू म्हणजे — कशासाठी आलात ते. थांबा, घाईघाईत लिहू नका काही, या रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, साडेपाचला ते शेखर साहेबांकडे सहीला जातं. राहू द्या, ठेवा ते पेन. बसा आधी. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते ती, बाकावर बसा. लहानू ना तुम्ही? घोटीच्या वर, डोंगराखालची वाडी. माहितीये मला. मी मोहिनी, इथंच वरच्या मजल्यावर काम करते. गेटवरच्यांनी तीनदा परत पाठवलं तुम्हाला, खिडकीतून दिसत होतं — आज चौथ्यांदा आलात म्हणून डबा उघडा टाकून खाली आले. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे. पाणी घ्या.

आणि कशासाठी आलात तेही माहितीये. तुमची सृष्टी परीक्षा पास झाली, लष्कराच्या भांडारात कारकून म्हणून निवड झाली, येत्या शुक्रवारपर्यंत हजर व्हायचंय — आणि पडताळणीचा कागद काही निघत नाही. आज मंगळवार. बरोबर? तालुक्याला गेलात तर म्हणाले नाशिकला जा, नाशिकला म्हणाले वरून अडलंय. वरून म्हणजे कुठून, ते कोणी सांगितलं नाही. सांगणार पण नाही. मीसुद्धा सांगायला नको खरं तर — हे बोलणं बाहेर गेलं ना, तर माझी नोकरी जाईल, म्हणजे बघा. वरून म्हणजे इथून. याच इमारतीतून.

असे बघू नका. तुम्हाला वाटत असेल इथं बंदुका असतील, अतिरेकी पकडून आणत असतील. गुप्तवार्ता ऑफिस म्हटलं की लोकांना तेच वाटतं — माझी सिन्नरची आत्या अजून सगळ्यांना सांगते, आमची मोहिनी दहशतवाद्यांच्या मागावर असते. कसला माग! सकाळी साडेनऊपासून मी कागद वाचते. शिपाई रानात, स्टँडवर, लॉजवर हिंडतात, दिसेल ते लिहून आणतात — अमका लष्कराच्या कुंपणाजवळ उभा होता, तमक्यानं फोटो काढला — आणि मी ठरवायचं, ह्यात काही आहे का नाही. शंभरातले नव्व्याण्णव कागद म्हणजे लघवीला थांबलेली माणसं असतात. माफ करा, पण खरंच. आणि तो शंभरावा सुटला तर? तर माणसं मरतात. हे पण खरंच आहे, त्यासाठीच पगार घेते मी. डोकं फुटायची वेळ येते.

तर दर तीन महिन्यांनी अहवाल जातो. संशयास्पद नोंदी किती. आता नसतील तर काय लिहायचं? निरंक लिहायचं. काही नाही — निरंक. चांगलीच गोष्ट आहे की नाही? पण नाही! निरंक लिहिलं की साहेब चष्मा काढून ठेवतात. "मोहिनीताई, तीन महिने जिल्ह्यात काहीच घडलं नाही? की तुम्ही बघितलं नाही?" मागच्या दिवाळीच्या आधी मी निरंक लिहिलं, आणि आठव्या दिवशी कुंपणाच्या आत ड्रोन येऊन पडलं. अख्खं ऑफिस हललं. काय निघालं? लग्नाआधीचं शूटिंग! नवरा-नवरी धरणावर हात पसरून उभे, आणि वारा आला. पण मेमो कोणाला मिळाला? मला. "विश्लेषकाने धोका गांभीर्याने घेतला नाही." तो कागद माझ्या फायलीत आहे, बढती तेव्हापासून त्याच कागदाखाली दबून बसलीय. मग म्हटलं — ठीक आहे, आता सगळंच गांभीर्यानं घेते. घ्या लेको.

पुढच्याच तिमाहीत, जानेवारीत, सुनील शिपाई तुमच्या वाडीवर आला होता. आठवतो ना? उंच, मिशीवाला, तुमच्याकडे नाचणीची भाकर खाऊन गेला. त्यानं तुमची वही पाहिली, फोटो काढला. खताच्या दुकानातली डायरी — ही काय, तुमच्या पिशवीत दिसतेय तीच. तोफांचा सराव कुठल्या तारखेला, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, धूर कुठल्या अंगाला — सगळं लिहिलेलं. तीन वर्षांचं! आता तुम्हीच सांगा, असं पान माझ्या टेबलावर आलं तर मी काय समजायचं? डोंगरातला माणूस तोफांच्या वेळा लिहून ठेवतो. कशाला? कोणासाठी? मी शेरा मारला — 'हेतू अस्पष्ट.' दोन शब्द. मी काही तुम्हाला वाईट म्हटलं नाही. अस्पष्ट म्हटलं. पण तुमचं नाव यादीत चढलं, आणि बापाचं नाव यादीत असलं की पोरीचा कागद अडतो. आपोआप. कोणी मुद्दाम करत नाही.

हो. मीच. मीच लिहिलं. सांगणार नव्हते, पण आता निघालंच तोंडातून.

बोला ना काहीतरी. शिव्या द्या हवं तर. तुम्ही नुसतं त्या टोपीची घडी घालत बसलात की मला जास्त त्रास होतो. मी काय करायला हवं होतं? वाडीवर येऊन विचारायचं? मला टेबल सोडायला परवानगी लागते. फोटोवरून ठरवायचं, असंच काम आहे हे. आणि फोटोत होतं काय, वेळा आणि तारखा. दुसऱ्या फोटोत —

म्हणजे, एकच फोटो जोडायचा असतो अहवालाला.

हो, दोन आले होते. सुनीलनं पुढचं पान पण पाठवलं होतं. त्यावर तुमच्याच अक्षरात होतं — 'गुरे नेऊ नयेत. बायांनी लाकडाला जाऊ नये. लाल फडके लावले.' सरावाची नोटीस ग्रामपंचायतीत लागते, ती चार किलोमीटर खाली, वाडीवर कोण येऊन सांगणार? म्हणून तुम्ही लिहायचात, बांबूला लाल फडकं बांधायचात. वाचलं होतं मी. दोनदा वाचलं. आणि ते पान जोडलं असतं तर नोंद उरलीच नसती. परत निरंक. परत चष्मा. म्हणून नाही जोडलं. झालं समाधान? लाज वाटते मला, रोज जिना चढताना वाटते, पण लाजेनं नोंद पुसत नाही. ती पुसायची एकच रीत आहे — जिनं लिहिली तिनंच लेखी द्यायचं, माझा अंदाज चुकला. साहेब पण खोडू शकत नाहीत. आणि मी तसं दिलं की पहिला प्रश्न येणार, बाकीच्या किती चुकल्या? सगळ्या फायली उघडणार. मला अठरा वर्षं झाली इथं, बाबा. पोरगा बारावीला आहे. नाही होणार माझ्याकडून. दुसरी नोकरी बघा म्हणावं सृष्टीला, हुशार आहे ती.

द्या इकडे ती वही. मला का दाखवताय? पाहिलीय मी. ... हे काय, जानेवारीपासून कोरीच आहे. शेवटची तारीख जानेवारीतली, पुढं काही नाही. सुनील येऊन गेला त्या दिवसापासून? घाबरलात. साहजिक आहे. फडकं पण काढलंत? मग वाडीला कोण सांगतं, सराव कधी आहे ते?

कोणीच नाही.

काय? रंगूबाई कोण? शेजारीण. लाकडाला गेली होती... मार्चमध्ये? थांबा. मार्चमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला, ओहोळाच्या अलीकडे? तोफगोळ्याचा तुकडा लागून पाय — गुडघ्याखालून? काढावा लागला?

आला होता तो कागद माझ्याकडे. नाव नव्हतं त्यावर. 'एक महिला, वय अंदाजे साठ, सराव क्षेत्रात जखमी अवस्थेत आढळली.' साहेबांनी विचारलं, नोटीस असताना ही बाई आत गेलीच कशी? आणि मी — अरे देवा — मी काय लिहिलं माहितीये? तेच दोन शब्द. हातच बसलाय माझा. हेतू अस्पष्ट. लाकडाची मोळी फोटोत होती, बाबा. शेजारीच पडली होती.

नाही, पाणी नकोय मला. बसा तुम्ही.

ते रजिस्टर सरकवा इकडे. पेन द्या. तुमचा रकाना मी भरते. बघा, मोठ्यानं वाचते, म्हणजे नंतर मलाच फिरवता यायचं नाही — 'भेटीचा हेतू: विश्लेषक मोहिनी यांनी लहानू यांच्याविरुद्ध केलेली नोंद चुकीची असून दुसरे छायाचित्र जाणूनबुजून जोडले नव्हते, हे दाखवण्यासाठी.' खाली माझी सही. वेळ, एक वाजून अडतीस मिनिटं. झालं. साडेपाचला साहेब चष्मा काढतील, काढू देत. तोवर रीतसर कागद लिहून ठेवते, दोघांचा, तुमचा आणि रंगूबाईचा. शुक्रवारच्या आत सुटेल का, सांगता येत नाही, खोटं कशाला बोलू. सृष्टीला म्हणावं पिशवी भरून ठेव.

हात कसले जोडताय मला? खाली करा ते हात! घ्या ती वही, आणि घरी गेलात की आधी फडकं लावा बांबूला. गुरुवारी सराव आहे, आठ ते एक — हे मी तुम्हाला सांगितलं नाही. लिहून घेतलंत? मग जा आता. उजवीकडचं गेट. जा म्हटलं ना, बाबा, मागे बघू नका.