गोड मात्र माझ्याकडचंच

ओंदिना: तुल्यो, इकडे ये. हे काय आहे?

तुल्यो: काय म्हणजे? स्ट्रुडेल. सकाळी केलेला.

ओंदिना: ते दिसतंय मला. दाताखाली काय आलं, ते विचारतेय.

तुल्यो: सफरचंदाची बी असेल. नाहीतर बेदाण्याचा देठ.

ओंदिना: बी अशी तेलकट लागत नाही. चाळीस वर्षं हे खातेय मी. माझ्याकडे बघ. ह्यात अक्रोड आहे?

तुल्यो: छे गं वहिनी. तुझ्या स्ट्रुडेलमध्ये कधी अक्रोड असतो का?

ओंदिना: माझ्यात नसतो. आजचा तू केलास.

तुल्यो: तुझ्याच पद्धतीने केला. सफरचंद, बेदाणे, चिलगोजे, लोण्यात परतलेला पावाचा चुरा...

ओंदिना: चुऱ्याचा डबा दाखव.

तुल्यो: आता जेवणाची गिऱ्हाइकं येतील, आणि तू डबे कसले बघत बसतेस...

ओंदिना: डबा, तुल्यो.

तुल्यो: ...रिकामा आहे.

ओंदिना: मग सफरचंदाचं पाणी शोषून घ्यायला घातलंस काय?

तुल्यो: थोडासा अक्रोड. मूठभर. घरून आणला, कुटून घातला. अगं, निम्मं त्रिएस्त शहर घालतं. म्हटलं, चव वाढेल... तू अशी पांढरीफटक का पडलीस? बस. वहिनी, आधी बस.

ओंदिना: ती मुलगी.

तुल्यो: कुठली?

ओंदिना: अकराला नॉर्वेची बाई आली होती ना, लाल टोपीवाल्या मुलीला घेऊन? त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या मुलीला अक्रोड चालत नाही. आईने चिठ्ठी दाखवली, आपल्या भाषेत छापून आणलेली. एक कण पोटात गेला तरी श्वास बंद पडू शकतो, असं लिहिलं होतं.

तुल्यो: पण त्यांनी तर उकडलेलं हॅम नि बटाटे खाल्ले. मीच वाढलं. मुलीने दोनदा मागून घेतलं.

ओंदिना: आणि निघताना मी पुडी बांधून दिली. दोन मोठे तुकडे. बाहेर कुठेही गोड खाऊ नका म्हटलं, गोड मात्र माझ्याकडचंच. ह्याला अक्रोड शिवतसुद्धा नाही.

तुल्यो: देवा.

ओंदिना: किती वाजले?

तुल्यो: साडेबारा. म्हणजे त्यांना जाऊन पाऊण तास झाला. वहिनी, ऐक, घाबरू नकोस. आई एवढी जपणारी आहे ना? ती आधी स्वतः चाखेल. तिला कळेल.

ओंदिना: मला तिसऱ्या घासाला कळलं. तेही मी स्वयंपाकीण आहे म्हणून.

तुल्यो: किंवा खाणारच नाहीत. बाहेर बोरा वारा काय सुटलाय, बघ. ह्या वाऱ्यात कोण पुडी उघडतंय? आणि आपण आरडाओरडा केला तर काय होईल? आरोग्य खात्याची माणसं येतील. दाराला सील ठोकतील. लिबेरोने उभं केलेलं दुकान आहे हे. माझ्या भावाने. तू आणि मी मिळून ते...

ओंदिना: तुल्यो, ती आठ वर्षांची आहे. तूवा नाव आहे तिचं. मला स्वतःहून सांगितलं तिने.

तुल्यो: ...कुठे गेल्यात? कुठे जायचं, ते तूच लिहून दिलंस ना?

ओंदिना: बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. काल संध्याकाळी आल्या, उद्या सकाळच्या गाडीने जाणार. एकच दिवस हातात. बाईने विचारलं, कुठे खावं, कुठे प्यावं? मी म्हटलं, आधी नाटकगृहासमोरच्या कॉफीवाल्याकडे जा, कपात नको, पेल्यात माग. मुलीला गरम दूध. मग धक्क्यावर चक्कर...

तुल्यो: आज धक्क्यावर? उडून जाईल ती पोर.

ओंदिना: नाही, धक्का मग खोडला. त्याऐवजी वर कार्स्टच्या पठारावर पाठवलं, झोराकडे. ह्या आठवड्यात तिचं अंगण गिऱ्हाइकांना उघडं आहे, दारावर फांदी टांगलीय. घरची वाइन, घरचं हॅम, उकडलेली अंडी, चीज. सगळं तिच्या डोळ्यांदेखत केलेलं, मुलीला काही धोका नाही. आणि झोराकडे गोड मिळत नाही, म्हणून तर मी... तू उभा काय आहेस? धाव! कॉफीवाल्याकडे आधी!

तुल्यो: जातो. तू झोराला फोन लाव.

ओंदिना: एप्रन राहू दे! धाव!

(पाऊण तासाने. तुल्यो परत आलेला.)

ओंदिना: सापडल्या?

तुल्यो: थांब... दम... वाऱ्याने छातीत... नाही. गेल्या. मी पोचायच्या दहा-बारा मिनिटं आधीच. कॉफीवाला म्हणतो, बाईने पेल्यात कॉफी घेतली, मुलीने दूध. बसचं विचारलं. पुडी टेबलावर होती.

ओंदिना: उघडलेली?

तुल्यो: बांधलेली. मी दोनदा विचारलं. दोरी बांधलेली. मुलगी म्हणत होती, आता खाऊ, आता खाऊ. आई म्हणाली, वर गेल्यावर. मी थांब्यापर्यंत पळत गेलो. बसची पाठ दिसली. हात हलवला, ओरडलो. ह्या वाऱ्यात काय ऐकू जाणार? मग अर्धा तास टॅक्सी शोधत फिरलो, एक मिळेना. झोरा काय म्हणाली?

ओंदिना: उचलत नाही. वीस वेळा लावला. फोन घरात, ती अंगणात.

तुल्यो: सुनेला लाव.

ओंदिना: तिचा नंबर माझ्याकडे कुठाय? थांब... वाजतोय... उचल गं बाई, उचल... झोरा! झोरा, मी ओंदिना!

झोरा: अगं, किती ओरडतेस! आज जत्रा आहे इथे नुसती. एवढा वारा, तरी लोक येतायत, माझी फांदी दोनदा उडाली दारावरची. तुझीही माणसं पोचली हो. ती नॉर्वेवाली. तुझ्या हातचा कागद दाखवला, मग काय, भिंतीच्या आडोशाचं टेबल दिलं त्यांना. पोरगी काय गोड आहे...

ओंदिना: झोरा, त्यांच्याकडे पुडी आहे का? पांढऱ्या कागदाची?

झोरा: आहे ना. आत्ताच माझ्याकडून सुरी नेली, दोरी कापायला. तुझी गाठ कधी कुणाला सुटलीय? म्हणून तर मी आत आले, दुसरी सुरी...

ओंदिना: त्यात अक्रोड आहे! पोरीच्या हातातून घे! झोरा, पळ, अक्रोड आहे त्यात, ती मरेल!

झोरा: अगं माझे आई...

तुल्यो: काय झालं? काय म्हणाली?

ओंदिना: फोन टाकून पळाली. चूप. ऐकू दे.

तुल्यो: काय ऐकू येतंय?

ओंदिना: वारा. माणसं हसतायत. खुर्ची की काहीतरी पडलं. झोरा ओरडतेय... आता कुणी हसत नाही.

तुल्यो: वहिनी.

ओंदिना: कुणीच बोलत नाही आहे, तुल्यो. एकाएकी सगळे गप्प का झाले?

तुल्यो: फोन इकडे दे. मी ऐकतो.

ओंदिना: नाही. मीच ऐकणार.

झोरा: ओंदिना? आहेस?

ओंदिना: बोल.

झोरा: खाल्ला गं. एकच घास. मी पोचले तेव्हा गिळत होती. आधी म्हणाली, ओठाला मुंग्या येतायत, आणि हसली. मग गळा धरला. ओठ हे असे सुजले, डोळे सुजले. आईने पिशवीतून इंजेक्शनचं पेन काढलं आणि पँटवरूनच मांडीत खुपसलं. एक शब्द बोलली नाही बाई. नुसती दहापर्यंत मोजत होती.

ओंदिना: श्वास? श्वास घेतेय का?

झोरा: घेतेय. पण शिट्टी वाजल्यासारखा. जमिनीवर निजवलंय, पाय उंच करून. अँब्युलन्सला सून फोन करतेय, पण ते म्हणतायत घराचा नंबर सांगा. आमच्या गल्लीत नंबर कुठायत!

तुल्यो: मी लावतो दुकानातल्या फोनवरून. तिला म्हण, तुल्यो रस्ता सांगतोय... हॅलो? अँब्युलन्स हवीय. आठ वर्षांची मुलगी, अक्रोडाची बाधा, श्वास अडकतोय, इंजेक्शन एक दिलंय. वर कार्स्टवर. नाही, नंबर नाही, मी तोंडी सांगतो, दर आठवड्याला वाइन आणायला जातो मी तिथे. चर्च ओलांडा. पाण्याची टाकी उजव्या हाताला सोडा. मग गाडी जाणार नाही असं वाटेल तिथेच वळा. जाते गाडी. दगडी भिंतीत हिरवं फाटक. हो. नाही, वारा आहे ते माहीत आहे मला. तुम्ही निघा!

ओंदिना: झोरा, अँब्युलन्स निघाली. ऐक, आईला सांग, अक्रोडच होता. नक्की.

झोरा: कशाला आत्ता? बिचारीला वाटतंय, माझ्या सुरीला काही लागलं असेल. तसंच वाटू दे घटकाभर. तुझं दुकान...

ओंदिना: डॉक्टर विचारतील तिला. तुझी सुरी स्वच्छ आहे. सांग, अक्रोड, आमच्या स्ट्रुडेलमधला. आमच्याकडून गेला.

झोरा: ...सांगते. थांब, आई दुसरं पेन काढतेय. फोन ठेवते.

ओंदिना: नको, नको ठेवूस! झोरा!

(दुपारचे तीन. दाराची जाळी अर्धी खाली ओढलेली. आत दोघंच.)

तुल्यो: परत एकदा सांग, झोरा काय म्हणाली.

ओंदिना: तीनदा सांगितलं.

तुल्यो: परत सांग.

ओंदिना: अँब्युलन्स चौदा मिनिटांत पोचली. दुसऱ्या पेननंतर शिट्टी कमी झाली. मुलांच्या इस्पितळात आहे. आता नीट श्वास घेतेय, झोपलीय. रात्रभर ठेवणार, कारण पुन्हा उलटू शकतं म्हणे. झोरा बरोबर गेली होती, अंगण तसंच टाकून.

तुल्यो: पुन्हा उलटू शकतं.

ओंदिना: डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही. "बहुतेक" म्हणाले.

तुल्यो: मी जातो इस्पितळात. त्या बाईला सांगतो, मी केलं. आणि आरोग्य खात्याची माणसं आली की त्यांनाही तेच. तू काही जाणत नव्हतीस. खरंच जाणत नव्हतीस. वर मी खोटं बोललो, तेवढ्यात ती बस सुटली. मी आधीच कबूल केलं असतं तर...

ओंदिना: तर बस सापडली असती. हो.

तुल्यो: तू म्हणशील तर मी उद्यापासून येणार नाही.

ओंदिना: का बोललास खोटं?

तुल्यो: भीती वाटली. त्या पोरीचं मला कुठे माहीत होतं? मला तुझी भीती वाटली. अक्रोड घातला म्हणून तू रागावशील, एवढंच. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि मला डब्यासाठी बोलणी खायची भीती वाटते. लिबेरो जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मी इथे असा वावरतो, जसा उद्या हाकलणार आहेत.

ओंदिना: चुरा संपत आलाय ते आधीच का नाही सांगितलंस?

तुल्यो: सांगितलं होतं. परवा सकाळी. आणि काल पुन्हा. तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस, बटाटे सोल.

ओंदिना: ...म्हणाले असेन.

तुल्यो: म्हणालीस.

ओंदिना: तुला एक सांगू? त्या बाईने मला तीनदा विचारलं. ह्यात नक्की नाही ना? पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा सगळं काय काय घालते ते मोजून दाखवलं. तिसऱ्यांदा मला राग आला. राग, तुल्यो! माझ्या हातच्यावर शंका घेते म्हणून. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, बाई, हे माझं घर आहे. ती ओशाळली. माफी मागितली माझी. आणि तू पाच पावलांवर उभा होतास, भांडी विसळत. मला नुसतं मान वळवून विचारायचं होतं.

तुल्यो: विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तिच्यासमोर नक्की सांगितलं असतं.

ओंदिना: माहीत आहे. अकरा वर्षांत मी तुला काही विचारलेलंच नाही. नुसतं सांगत आलेय.

तुल्यो: आता ते राहू दे.

ओंदिना: झोरा म्हणाली, श्वास मोकळा झाल्यावर पोरगी आईला विचारत होती, दुकानातल्या आजी रागावतील का, मी सगळं संपवलं नाही म्हणून.

तुल्यो: असं विचारलं तिने?

ओंदिना: रडू नकोस. मला एकटीला तिच्या आईसमोर उभं राहवणार नाही. तिने हाकललं तर हाकलू दे, ओरडली तर ओरडू दे. पण दारापर्यंत तरी कुणी बरोबर हवं. तुल्यो, तू येशील का?

तुल्यो: कोट घेतो.