फुलपात्रातलं उरलेलं पाणी

आमच्या कुरवंडे गावात सक्युलंटचं रोप जगवून दाखवा, मग माझ्याशी बोला! बंगळुरूहून शिकून परतताना मी तीन कुंड्या मांडीवर घेऊन आले. दोन इथल्या दमट हवेत कुजल्या. तिसरी खिडकीत ठेवली आणि घरात-शेजारी सगळ्यांना बजावलं, "हे झाड पानांतच पाणी साठवतं, त्याला कुणीही पाणी घालायचं नाही." तरी माती ओलीच!

एका सकाळी शेजारचे आबा आले. मी तांब्या-फुलपात्र पुढे केलं. ते दोन घोट प्यायले आणि उरलेलं सरळ कुंडीत ओतलं.

"आबा! पाणी घालू नका म्हटलं होतं ना?"

"म्या कुटं घातलं? माजं पिऊन उरलंय ते. फेकून देऊ व्हय?"

"पण मरेल ते!"

"पानी पिऊन कुनी मरतं का, पोरी?"

मी मुळं कशी कुजतात ते अगदी कळकळीने समजावलं. आबांनी मान डोलावली. "बरं, न्हाई वतत."

दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून मी फुलपात्र अर्धंच भरलं. आबांनी ते एका दमात संपवलं, रिकामं माझ्यापुढे धरलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "म्या काय वतत न्हाई. आता तूच पाज त्याला."