पहिल्या बॉलला हात लावायचा नाही

अहो, पण तोंडाला जाळी बांधून उभा राहिलेला माणूस न्याय देणार म्हणता, तर मी विश्वास ठेवायचाच कसा? तुम्हीच सांगा! क्रिकेटचा पंच बघा, तोंड उघडं टाकून चारचौघांत उभा असतो, आणि हा? हा आमच्या दिपूच्या पाठीमागे, त्या कॅचर पोरीच्याही पाठीमागे, वाकून, लपून… आणि ती कॅचर तरी साधी आहे का, ती खाली उकिडवी बसून गुडघ्यांच्या मध्ये बोटांनी खुणा करते, भर मैदानात, सगळ्यांदेखत! बरं, आमचे तेजस सर, ते तर आमच्याच बाजूचे, पण ते नाकाला हात लावतात, कानाला लावतात, टोपीला लावतात, मग छाती थोपटतात. मी ह्यांना म्हटलं, "अहो, सरांना खरूज तर नाही ना झाली?" तर हे म्हणाले, "खुणा आहेत त्या." बस्स! एवढंच! आमचे हे, नाव घेते आता, प्रेमराज, दिवसाकाठी बोलतात ते मोजून, आणि त्यातलंही निम्मं नुसतं "हं" असतं.

तर तुम्हाला सांगते, हा बेसबॉल. आमची दिपमाला बारावीला आहे, जळगाव जिल्ह्याच्या मुलींच्या संघात, आणि परवा धुळ्याला मॅच होती, धुळ्याच्याच पोरींशी. जिंकलं की राज्यावर जायचं, आणि राज्यावर खेळलेल्या पोरींना पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात म्हणे. पोरीला फौजदार व्हायचंय! लहानपणापासून एकच ध्यास. हरलं की संपलं, कारण पुढच्या वर्षी वय बसत नाही.

म्हणून मी तिला माझी शिकवण देऊनच पाठवते. पहिल्या बॉलला हात लावायचा नाही! का म्हणून काय विचारता? भरताची वांगी घ्यायला जाता की नाही तुम्ही? वांगीवाला "घ्या अक्का, एक नंबर" म्हणत जे वांगं स्वतःहून पुढे करतो, ते किडकं असतं की नसतं? असतं! साडीच्या दुकानात पहिली साडी कुठली दाखवतात? जी वर्षभर खपली नाही ती! नळाचं पहिलं पाणी गढूळ, तव्यावरची पहिली भाकरी कच्ची. जगात जे पहिलं समोर येतं त्यात काहीतरी भानगड असते. मग ती समोरची पोरगी, ओळख ना पाळख, आमच्या दिपूला पहिला बॉल चांगला का टाकेल? कोण लागते ती आमची?

आता बघा, त्या दिवशी जळगाव स्टँडवर धुळ्याची पहिली गाडी लागली. रिकामी! खिडकीच्या जागा! कंडक्टर स्वतः म्हणतो, "या, या, बसा." मी म्हटलं, ह्याला आपली एवढी काय पडलीये? सोडली ती. दुसरी आली तासाभराने, उभं राहून पारोळ्यापर्यंत, आणि पारोळ्यात पंक्चर. हे नुसते म्हणाले, "हं." त्या "हं"मध्ये काय काय असतं ना, मला बरोबर कळतं!

पोचलो तर मॅच सुरू. दिपू बॅट घेऊन उभीच होती. मी जाळीपाशी धावले आणि अशी ओरडले, "दिपूऽऽ! पहिल्याला हात लावायचा नाही!" तिने मान वळवून बघितलं, कपाळाला हात लावला. ती धुळ्याची पोरगी, पुनम नावाची, लांब वेणीची, तिने हात गर्रकन फिरवला आणि बॉल टाकला. सरळ! अगदी मधोमध! दिपूने सोडला. तो तोंडाला जाळीवाला पंच ओरडला, "स्ट्राइऽऽक!" मी टाळ्या वाजवल्या, "शाब्बास पोरी!" शेजारची बाई म्हणते, "अहो, तुमच्या मुलीच्या विरुद्ध गेलं ते." असेल! मग पुढचे दोन बॉल बाहेर जाणारे, वळणारे, दिपूने बॅट घातली, हवेत गेली, तीन हुकले म्हणून आउट. बघा म्हणजे! नंतरचे असले वाईट, तर पहिला किती वाईट असेल!

दुसऱ्या वेळेला तसंच. मी ओरडले, "पहिल्याला हात लावायचा नाही!" पहिला बॉल मधोमध, पोरीने सोडला, पुढे आउट. तेजस सर आले घामाघूम. "काकू, तो पहिलाच बॉल मारण्यासारखा येतोय हो! दर वेळी तोच! त्यांना माहितीये की दिपमाला पहिला सोडते." माहितीये? कुणी सांगितलं? माझ्या डोक्यात किडा शिरला. आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय! त्या पाणी देणाऱ्या बाईवर मी नजर ठेवली, तेजस सरांवर ठेवली, ह्यांच्यावरसुद्धा ठेवली. हे शेंगा फोडत बसले होते. पुरावा नाही, पण संशय तर घ्यायलाच पाहिजे ना!

मध्ये जरा खेळ थांबला म्हणून चहाला गेले. तिथे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, चष्मा, बायकोला बशीत चहा गार करून देत होते. माझ्याकडे बघून हसले. अनोळखी माणूस स्वतःहून हसला की मी आधी पर्स धरते. तर म्हणतात, "काय वच्छलाबाई, वळखं का माले? मी जीवराम शे!"

जीवराम! पायाखालची जमीनच सरकली हो! अहो, हा माणूस धरणगावला, माझ्या माहेरी, मला बघायला आला होता! माझं पहिलं स्थळ! नाकीडोळी नीटस, बारा महिने पाण्याचा मळा, निर्व्यसनी, हुंडा नको म्हणत होते. मी बापाला म्हटलं, "आबा, पहिल्याच खेपेला इतकं चांगलं येतं होय कुठे? काहीतरी भानगड आहे." आणि नकार कळवला. कारण विचारलं तर तेही कळवलं, की मुलगी पहिल्याला हो म्हणत नाही.

आणि आता हा माणूस हसत हसत सांगतो, "पुनम मन्ही पोर शे. तुमना आवाज ऐकं अन् लगेच वळखं. मीच सांगं तिले, धरणगाववालीनी पोर शे ती, पहिला बॉलले हात लावाव नही, टाक बिनधास्त!"

म्हणजे ती वेणीवाली ह्याची पोर! मग फुटलं कोण? मी म्हटलं, "तुम्हाला कळलं तरी कसं?" तर म्हणे, "तुमीच वरडी ऱ्हायनात ना!" हॅ! मी माझ्या पोरीशी बोलत होते, ह्याने ऐकावंच का?

परत आले तर शेवटची खेळी, धावा सारख्या, आपल्या दोघी बाद, एक पोरगी तिसऱ्या बेसवर टेकलेली, आणि बॅटवर कोण? दिपू! एक टोला बसला की ती तिसऱ्या बेसवाली धावत घरी, म्हणजे दिपू उभी होती तिथे, येते, धाव मिळते आणि आपण राज्यावर. आउट झाली की जादाची खेळी, तिच्यात आधी धुळ्याची पाळी, आणि त्या पोरींचा जोर तर बघितलाच होता. मी जाळीला धरलं. माझ्या बाजूला येऊन उभा कोण? जीवराम! आता सांगा, काय ओरडू? "मार" म्हणावं तर हा ऐकतो, पोरीला खूण करतो, ती वाकडा टाकते. "सोड" म्हणावं तर ती सरळ टाकते. गप्प बसावं तर ह्याला वाटेल, ही गप्प बसली म्हणजे हिने डाव बदलला, मग वाकडा टाकेल, म्हणजे सोडायलाच पाहिजे, पण मला हे कळलंय हे त्याला कळलं असेल तर? अहो, घाम फुटला! मी तोंड उघडलं, "दिपूऽऽ! पहिल्याला…" आणि पुढचं काही सुचेना! आयुष्यात पहिल्यांदा! जीवराम माझ्याकडे बघतोय, पुनम जीवरामकडे बघतेय, दिपू माझ्याकडे बघतेय…

आणि मागून आवाज आला. "हाण!"

मी वळून बघितलं. हे! आमचे हे! उभे राहिलेले, मांडीवरच्या शेंगा सगळ्या मातीत! "हाण पोरी, पहिलाच हाण!"

पुनमने टाकला, आणि दिपूने असा सणसणीत हाणला, असा हाणला, की बॉल मधल्या पोरींच्या डोक्यावरून पार कडुनिंबाच्या बाजूला! तिसऱ्या बेसवाली घरी आली, सगळ्या पोरी एकमेकींवर पडल्या, तेजस सर रडले, जीवरामनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या की दाखवायला, ते मला अजून समजलेलं नाही.

परतीच्या गाडीत दिपू माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली. मी ह्यांना खोदून खोदून विचारलं. "पहिला मारायचा, हे तुम्हाला कळलं कसं? आधी कुणाशी बोलला होतात? खरं सांगा!" ह्यांनी सदऱ्यावरची टरफलं झटकली. मग म्हणाले, "मी पण पहिलाच हाणला होता."

"म्हणजे?"

"मी पोरी बघायला निघालो, तर पहिली तूच. घरचे म्हणाले, अजून दोन-चार ठिकाणी बघू. मी म्हटलं, नको. हीच."

आता काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि हे आज, एस.टी.त, एरंडोलजवळ! भरून आलं हो मला. नाक ओढत ओढत विचारलं, "मग? काय झालं?"

"काय होणार? आउट!"

दिपू इतकी हसली, इतकी हसली, की कंडक्टरने मागे वळून बघितलं. मी फुगून बसले. तर ह्यांनी खिशात हात घातला, उरलेल्या शेंगांतली वरचीच एक काढली, फोडली आणि दाणा माझ्यापुढे धरला. स्वतःहून. पहिलाच! तुम्हाला खरं सांगते, वास घेतला नाही, उलटून बघितला नाही, आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने घेतला आणि तोंडात टाकला.

खवट!

पण गिळला हो… काय करता? माणूस हातात धरून बसला होता, आणि "चांगला आहे ना?" विचारत होता.