शेठचा डावा कान

नाही हो काका, चावत नाही तो, बसा तुम्ही खुशाल. बाक काही माझ्या बाबांचा नाही. त्यांचा असता तर त्यावर कसं बसायचं याचे नियम लिहून टांगले असते त्यांनी. बसा. शेठ म्हणतात त्याला. हो, कुत्र्याला शेठ — सगळेच हसतात. एवढासा होता तेव्हापासून उंबऱ्यावर असा पोट सोडून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघायचा, जणू दुकान त्याचं आणि आम्ही सगळे पगारी नोकर. आईने ठेवलं नाव. वास घेऊ द्या त्याला हाताचा — घेतोय बघा. एरवी अनोळखी माणसाजवळ इतक्या लवकर जात नाही हा. तुमच्या पिशवीत खायचं काहीतरी असणार, त्याशिवाय शेठ कुणाला भाव देत नाही.

कुणाची वाट बघताय? मी पण. माझी माणसं आत गेलीत, जंगल बघायला. मघाशी फाटकातून ती हिरवी जीप गेली ना, पुढे टोपी घालून ताठ बसलेले ते माझे बाबा. मागे दुर्बीण उलटी धरून 'काहीच दिसत नाही गं' म्हणत होती ती आत्या. आणि फाटकाबाहेर, या पाटीखाली, आम्ही दोघं. पाटी बघितलीत? कुत्र्याच्या चित्रावर लाल फुली. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, काका — आतल्या जनावरांना आपल्या कुत्र्यांचे रोग लागतात, ती बिथरतात, बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे बाबांना माहीत नव्हतं? बाबांना? आमच्याकडे नवा मिक्सर आला तर बाबा आधी त्याचं पुस्तक वाचतात, मग चष्मा पुसतात, मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचतात, तोवर जेवायची वेळ टळून जाते. गाडी निघायच्या आधी चाकांतली हवा बघतात, आमच्या तोंडावरची हवा बघतात. हा माणूस कुत्र्याला मागच्या सीटवर घालून अख्खा दिवस गाडी चालवत इथवर येतो आणि फाटकाशी आल्यावर म्हणतो, 'अरेच्चा, कुत्रा चालत नाही वाटतं.' अरेच्चा! जन्मात कधी अरेच्चा म्हणाले नाहीत हो ते.

आणि वर मला म्हणतात, तू चल आत, त्याला कुणीतरी सांभाळेल. मी म्हटलं, कुणीतरी म्हणजे कोण? तर म्हणे, लॉजवाले बघतील, कुणीतरी येईल, तू प्रत्येक गोष्टीत वाद घालू नकोस. आत्याने लगेच री ओढली — मुलींनी इतकं हटवादी असू नये, पुढे जड जातं. पुढे जड जातं! आत्या सगळं पुढचंच बोलते, आज समोर काय चाललंय ते तिला दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाही. मी उतरले जीपमधून. म्हटलं, तुम्ही जा, बघा तुमची हरणं, मी शेठजवळ बसते. बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चिडले असते तर मला कळलं असतं, पण चिडले नाहीत ते, गडबडले. घड्याळ बघितलं, रस्त्याकडे बघितलं, ड्रायव्हरला म्हणाले दोन मिनिटं थांबा, मग म्हणाले नको, चला. माणूस नक्की कशाला गडबडतो, काका? काहीतरी ठरवलेलं बिनसलं की. म्हणून मी पट्टा हाताला गुंडाळून बसलेय, बघा. इथून मी हलणार नाही. ह्याला इथे सोडून जायचा बेत असला ना यांचा, तर आधी मला सोडून जावं लागेल.

तुम्हाला वाटेल, पोरगी जास्तच बोलतेय. पण गेले कित्येक महिने घरात एकच शब्द ऐकतेय मी — सोय. 'शेठची काहीतरी सोय करायला हवी.' आमच्याकडे कुणाला घालवायचं असलं की त्याची सोय करतात. आजोबांची सोय केली, माळ्यावरच्या पुस्तकांची केली, आता ह्याची. का, तर केस गळतात. घरभर केस. बाबांचे पण गळतात, त्यांची कुठे सोय केली आम्ही? आणि आईच्या वेळेला गळत नव्हते वाटतं केस —

म्हणजे, आई आहे हो. तसं नका समजू. असते ती, दुसऱ्या गावी, मावशीच्या वरच्या खोलीत. गेली एक दिवस. भांडण नाही, आरडाओरडा नाही, मी कॉलेजातून आले तर शिलाई मशीनच्या जागी फरशीवर चार गोल डाग होते फक्त, पायांचे. मशीन नेलं. शेठला ठेवलं — मावशीला कुत्र्याने शिंका येतात. आणि मला — मला कोण नेणार, मी काय लहान आहे? मी मोठी आहे. मोठ्या माणसांना विचारायचं नसतं, ती समजून घेतात म्हणे. बाबा आणि ती तेव्हापासून एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत. तिचं नाव निघालं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. मशीनच्या जागी त्यांनी चपलांचं कपाट आणून ठेवलं, नेमकं त्या डागांवर. राहिला हा. हाच तेवढा संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून बसतो आणि तिच्यासारखी पावलं वाजली की कान टवकारतो. उजवाच. डावा दुखरा आहे त्याचा.

तो कान आहे म्हणून, काका — हसू नका — तो कान आहे म्हणून आई फोन करते. दर रविवारी. पहिलं वाक्य, 'कान कसा आहे?' मला आधी वाटायचं माझा विचारतेय. औषध घातलंस का, घातल्यावर हळू चोळलंस का, डोकं झटकतो का अजून. आम्ही कानावर बोलतो. अर्धा अर्धा तास कानावर बोलतो. मध्येच ती विचारते, आणि तू जेवतेस ना वेळेवर, की मी म्हणते हो, की पुन्हा कान. दुसरं काही बोलायला गेलं की दोघीही गप्प होतो. कधीकधी मी खोटंच सांगते, आज जरा सुजलाय वाटतं. म्हणजे मग ती बुधवारी पण करते. तुम्हाला का सांगतेय मी हे सगळं? जाऊ दे. तुम्ही बरे आहात, ऐकून घेताय. आमच्या घरात माझं वाक्य पुरं होईस्तोवर कुणीतरी चहा मागतं.

आज तर सकाळी केवढं बोलली! कुठे पोचलात, रस्ता कसा होता, शेठला उलटी झाली का गाडीत. औषधाची बाटली घेतलीस ना बरोबर? घेतली म्हटलं. कुठे ठेवलीस? म्हटलं, सॅकमध्ये, आत कुठेतरी. तर म्हणे, आत नको, पुढच्या कप्प्यात ठेव, चटकन सापडेल. मी लगेच ठेवली. ही बघा. बरं वाटलं हो मला. म्हटलं, चला, आज आईला आपल्याकडे वेळ आहे.

हो, पुढच्या महिन्यात नोकरीला जायचंय मला, शहरात. बाबांनी तेच धरून ठेवलंय — तू चाललीस, मग ह्याचं कोण करणार? खोली बघतेय मी. सगळ्या घरमालकिणी मला बघून हसतात, शेठचा फोटो दाखवला की दार लोटतात. पण मिळेल. मिळेल हो! सगळंच काय आधीपासून ठरवून पुस्तकात छापलेलं असतं? पण असं नाही होऊ देणार मी, की कुणीतरी येईल आणि ह्याला दोर बांधून शेतावर राखणीला नेईल. कालच लॉजचा आचारी सांगत होता, जंगलाच्या कडेला शेतं आहेत ना, तिथे कुत्रा वर्षभर टिकत नाही. बिबट्या येतो आणि दोरासकट नेतो. आणि शेठ काय राखण करणार, कपाळ! हा फक्त मिक्सरवर भुंकतो.

काय? पाणी? हो, तहान लागली असेल त्याला. मघापासून बाटलीच्या झाकणातून पाजतेय, निम्मं सांडतं. त्याचं भांडं हरवलं ना आज. काल रात्री लॉजच्या खोलीत होतं, मी स्वतः धुऊन ठेवलं, आणि सकाळी गायब. बाबा म्हणाले, तू घरीच विसरलीस. मी! काठाला पोचा आलेलं जुनं भांडं आहे, दुसऱ्या कशातून तो पीत नाही. तुमच्याकडे असलं काही तर द्या, पण पिईल असं नाही —

हे भांडं.

कुठे मिळालं तुम्हाला हे? हा पोचा… काका, हे भांडं तुमच्या पिशवीत कसं?

बाबांनी. सकाळी, लॉजच्या मागच्या दाराशी. बरं. आणि हा दोरही तुमचाच, पिशवीतला. म्हणजे 'कुणीतरी येईल' ते तुम्ही. आणि मी इथे आपली बसलेय, बसा काका, ऐका काका… आधीच का नाही बोललात? हो, मी बोलू दिलं नाही. माझीच जीभ. शेत कुठे तुमचं? कुंपणाला लागून. रात्री घरात घ्याल त्याला — असं सगळेच म्हणत असतील. नाही, तुमच्यावर नाही चिडले मी. तुम्हाला कुत्रा देतो म्हणाले, तुम्ही आलात.

काय म्हणालात? औषध डाव्या कानात, आणि घातल्यावर हळू चोळायचं. हो. बरोबर.

हे कुणी सांगितलं तुम्हाला?

नाही, बाबांनी नाही. बाबांना कुठला कान दुखतो ते ठाऊक नाही, त्यांना त्याला कान दोन आहेत एवढंच ठाऊक आहे. बाईंनी? कुठल्या बाईंनी? फोनवर. काल. नंबर बाबांनी दिला होता त्यांना.

म्हणजे बोलतात तर. एकमेकांशी बोलतात. टीव्हीचा आवाज वाढवून बोलत असतील. मी एवढे दिवस ह्या घरातली खबर त्या गावात नेतेय, तोंडाला फेस येईस्तोवर दोघांना सांभाळतेय, आणि यांचं एकमत झालं ते यावर. छान. फारच छान. मला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी मोठी आहे ना, समजून घेईन.

पुढच्या कप्प्यात ठेव, चटकन सापडेल. ऐकताय ना, काका? रोज दोन वेळा मी औषध घालते त्याला, मला ती बाटली अंधारात सापडते. चटकन कुणाला सापडायला हवी होती? तुम्हालाच की.

आणि पुढच्या रविवारी ती काय विचारणार होती मला? कुणाचा कान?

नाही. ही बाटली नाही मिळणार. हात मागे घ्या. दोर घाला पिशवीत. जीप आली की त्यांचं त्यांना मी सांगते काय सांगायचं ते, तुम्ही त्यात पडू नका. आणि भांडं — भांडं राहू द्या खाली. शेठ, चल. शेठ… अरे, चल ना.

पीत आहे. पिऊन होऊ दे त्याचं.

मग जा तुम्ही. एकटे जा.